'आमचे टाइपच जुळत नाहीत': प्रौढांमधील भावबंध मोजताना, एक प्रकरण अभ्यास

ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातील व्यक्तींचे तपशील बदलले आहेत. मोजमापाचा क्रम, झालेल्या चुका आणि घेतलेले निर्णय मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

३४ वर्षांची सल्लार्थी समुपदेशन केंद्रात आली ती निदान हातात घेऊनच. तिने भावबंधाची, म्हणजे जवळच्या माणसांशी आपण मनाने कसे बांधले जातो याची, २० प्रश्नांची एक ऑनलाइन चाचणी सोडवली होती आणि उत्तर आले होते 'भयग्रस्त-टाळणारी'. मग तीच चाचणी तिने नवऱ्याच्या वतीने, त्याला न विचारता, पुन्हा सोडवली. तो निघाला 'टाळणारा'. तिचा प्रश्न सरळ होता: "आमचे टाइपच जुळत नाहीत. मग हे ताणत राहण्यात काही अर्थ आहे का?"

लग्नाला सहा वर्षे झाली होती. पहिली पाच वर्षे बरी गेली. आठ महिन्यांपूर्वी नवऱ्याच्या कामाचे स्वरूप बदलले आणि आठवड्यातल्या चार रात्री तो बाहेरगावी राहू लागला. रात्री ती फोन करायची, तो उचलायचा नाही. मग लागोपाठ आठ-दहा फोन व्हायचे आणि शेवटी तो फोन बंद करून झोपायचा. घरी परतला की पहिला दिवस भांडणात जायचा. गेल्या दोन महिन्यांत या भांडणांत नवे शब्द शिरले होते. "तू अव्हॉयडंट आहेस" या वाक्यावर नवऱ्याला काही उत्तर सुचत नसे, आणि तो गप्प बसला की तोच पुरावा ठरत असे.

दुसऱ्या भेटीपासून नवराही येऊ लागला. त्याची अट एकच होती. मोजायचेच असेल तर नीट मोजा, आणि माझी उत्तरे मला देऊ द्या.

अडचण

लेबल घेऊन येणाऱ्या माणसाला लेबल चूक आहे असे सांगून काही साधत नाही. इथे तर ते चूक होते की बरोबर, हेच कुणाला माहीत नव्हते. आधी ठरवायचे होते ते हे, की मोजमापातून कोणता निर्णय घ्यायचा आहे. समुपदेशिकेने दोघांसमोर तीन प्रश्न कागदावर लिहिले. सल्लार्थीची चिंता सगळ्या नात्यांत आहे की फक्त या एका नात्यात? नवऱ्याचे अंतर राखणे जुने आहे की या आठ महिन्यांतले? आणि पुढे काम सुरू झाल्यावर काही बदलले तर ते कळणार कसे?

'लग्न टिकवावे का' हा प्रश्न समुपदेशिकेने यादीत घेतला नाही, आणि का घेतला नाही हे सांगितलेही. भावबंधाची कोणतीही चाचणी या प्रश्नाचे उत्तर देत नाही. चिंता जास्त असलेली व्यक्ती आणि अंतर राखणारी व्यक्ती एकत्र असली की ताण वाढतो, हे खरे. पण दोन व्यक्तींच्या गुणांवरून त्या जोडप्याचे भवितव्य वाचता येत नाही.

दुसरी अडचण 'टाइप' या शब्दातच होती. मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांची भावबंधाची मांडणी आणि मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांचे लहान मुलांवरचे निरीक्षण यांतून सुरक्षित, टाळणारा, चिंताग्रस्त असे गट पुढे आले आणि प्रौढांच्या अभ्यासातही तीच गटांची भाषा आली. मात्र १९९८ मध्ये फ्रेली आणि वॉलर या संशोधकांनी आकडेवारी तपासली तेव्हा प्रौढांच्या प्रश्नावलीतल्या उत्तरांत वेगवेगळ्या प्रकारांच्या माणसांचा पुरावा त्यांना मिळाला नाही. उंचीसारखे सलग पसरलेले दोन अक्ष मिळाले. एक चिंतेचा: समोरचा आपल्याला सोडून जाईल, आपण त्याला पुरेसे नाही, ही धास्ती. दुसरा टाळण्याचा: जवळ जाणे, मन मोकळे करणे, कुणावर विसंबणे नकोसे वाटणे. सुरक्षित, चिंताग्रस्त, टाळणारा आणि भयग्रस्त-टाळणारा ही चार नावे म्हणजे या दोन अक्षांवर मधोमध रेघा मारून पाडलेले चार कप्पे. रेघेच्या अलीकडे-पलीकडे उभी असलेली दोन माणसे एकमेकांसारखीच असतात, नावे तेवढी वेगळी पडतात.

विचारात घेतलेले पर्याय

सर्वांत सोपा पर्याय १९८७ चा. हेझन आणि शेव्हर यांनी तीन छोटे परिच्छेद लिहून वृत्तपत्रातून वाचकांसमोर ठेवले होते, त्यांतला आपल्याला लागू पडणारा एक निवडायचा. सुमारे ५६ टक्के लोकांनी सुरक्षित, २५ टक्क्यांनी टाळणारा आणि १९ टक्क्यांनी चिंताग्रस्त परिच्छेद निवडला. या साधनाने सगळे क्षेत्र उघडले, पण एका माणसाच्या बाबतीत ते फार जाडेभरडे आहे. एकच निवड असल्याने आज एक आणि महिन्याने दुसरा परिच्छेद निवडला तर त्यातून काहीच कळत नाही. १९९१ चे बार्थोलोम्यू आणि होरोविट्झ यांचे चार परिच्छेद थोडे बरे आहेत, कारण प्रत्येक परिच्छेदाला १ ते ७ गुणही देता येतात. बोलण्याला सुरुवात म्हणून ते उपयोगी पडले असते. बदल मोजायला मात्र नाही.

केंद्रातल्या एका सहकाऱ्याने अॅडल्ट अटॅचमेंट इंटरव्ह्यूचा आग्रह धरला. नवरा बालपणाविषयी फारसे बोलत नव्हता, म्हणून खरे उत्तर तिथेच सापडेल, असे त्याचे म्हणणे. हा पर्याय सहज बाजूला सारण्यासारखा नव्हता. जॉर्ज, कॅप्लन आणि मेन यांची ही मुलाखत सुमारे २० प्रश्नांची असते आणि तासभर चालते. आईसाठी पाच विशेषणे सांगा, वडिलांसाठी पाच सांगा, आता प्रत्येक विशेषणाला एखादा प्रसंग सांगा, अशी तिची रीत. गुण मिळतात ते बालपण कसे होते याला नाहीत, ते कसे सांगितले याला मिळतात. 'आई प्रेमळ होती' म्हणणाऱ्याला एकही प्रसंग आठवत नसेल, तर ती विसंगती नोंदली जाते. वडिलांविषयी बोलताना राग आजच्या वाक्यांत शिरत असेल, वाक्ये संपतच नसतील, तर तेही नोंदले जाते. माणूस स्वतःविषयी जे जाणूनबुजून सांगू शकत नाही ते इथे दिसते, आणि प्रश्नावलीला हे कधीच जमत नाही.

तरीही तो पर्याय नाकारला गेला, तीन कारणांनी. पहिले, ही मुलाखत शब्दशः उतरवून काढावी लागते, अडखळणे आणि थांबणे यांसह, आणि गुणांकनासाठी दोन आठवड्यांचे प्रशिक्षण आणि त्यानंतरची विश्वसनीयतेची परीक्षा लागते. केंद्रात असे कुणी नव्हते. दुसरे, प्रशिक्षणाशिवाय तेच प्रश्न गप्पांसारखे विचारले तर ते मोजमाप राहत नाही. शिवाय त्यांत मृत्यू, वियोग आणि छळ यांविषयीचे प्रश्न असतात, आणि उघडलेली जखम सांभाळायची तयारी नसताना ते विचारणे धोक्याचे. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके तेच बहुतेकांना ठाऊक नसते: ही मुलाखत आणि प्रश्नावली एकच गोष्ट मोजत नाहीत. २००७ मध्ये रॉइझमन आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र केले तेव्हा दोन्हींमधला सहसंबंध (० म्हणजे काही संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण जुळणी) जेमतेम ०.०९ निघाला. मुलाखत आई-वडिलांच्या आठवणींबाबतची मनाची घडण पाहते आणि पुढे त्या व्यक्तीचे मूल तिच्याशी कसे बांधले जाईल याचा अंदाज देते. जोडीदाराचा फोन न आल्यावर रात्री अकरा वाजता काय होते, हा प्रश्न प्रश्नावलीच्या जवळचा आहे.

उरल्या प्रश्नावल्या. ब्रेनन, क्लार्क आणि शेव्हर यांची १९९८ ची ३६ विधानांची ईसीआर, म्हणजे एक्स्पीरियन्सेस इन क्लोज रिलेशनशिप्स. तिची २००० ची सुधारित आवृत्ती ईसीआर-आर, तीही ३६ विधानांचीच. २००७ ची १२ विधानांची लहान आवृत्ती. आणि २०११ ची ईसीआर-आरएस, ज्यात तीच नऊ विधाने आई, वडील, जोडीदार आणि जवळचा मित्र यांच्यासाठी वेगवेगळी भरायची असतात: पहिली सहा टाळण्याची, शेवटची तीन चिंतेची.

निर्णय असा झाला: दोघांनी १९९८ ची ईसीआर भरायची, त्यानंतर ईसीआर-आरएस चारही नात्यांसाठी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर, चिंता सगळीकडे की एकाच ठिकाणी, फक्त दुसऱ्या साधनातून मिळणार होते. मूळ ईसीआर माणसाला प्रेमसंबंधांतला आपला एकूण अनुभव विचारते, सध्याच्या नात्यापुरताच नाही. ही सूचना वर छापलेली असते, आणि भरणारे बहुतेक जण ती वाचत नाहीत.

काय केले, आणि कुठे चुकले

पहिली चूक वेळेची. ईसीआर दुसऱ्या भेटीतच भरून घेतली गेली. त्या दिवशी दोघे घरून भांडून आले होते. त्यातही जागेअभावी दोघांना प्रतीक्षाकक्षात शेजारी शेजारी बसवले. नवऱ्याने एका विधानापाशी पेन थांबवले तेव्हा बायकोची नजर त्याच्या कागदावर होती, हे नंतर त्यानेच सांगितले.

दुसरी अडचण भाषांतराची. ईसीआरमध्ये काही विधाने उलटी असतात, म्हणजे सहमती जितकी जास्त तितका तो गुण कमी धरायचा. त्यातले एक चिंतेच्या अक्षावरचे विधान सोडून दिले जाण्याची काळजी सहसा वाटत नाही, अशा आशयाचे आहे. सल्लार्थीने विचारले, "मला काळजी वाटते, म्हणजे इथे असहमत लिहायचे ना?" तिने बरोबर ओळखले. सगळेच ओळखत नाहीत. नकारार्थी वाक्याला असहमती म्हणजे दोन नकार, आणि थकलेला माणूस तिथे हमखास घसरतो. 'क्वचितच', 'सहसा नाही', 'फारशी नाही' यांतला कोणता शब्द वापरला यावरही उत्तर हलते.

तिसरी चूक गुणांकनाची, आणि या प्रकरणात सर्वांत शिकवून गेलेली. केंद्राच्या संगणकावर बेरीज करणारा तक्ता आधीपासून तयार होता. त्यातून सल्लार्थीचे गुण आले चिंता ४.७, टाळणे ३.३. नवऱ्याचे आले चिंता ३.२, टाळणे ४.४. गुण १ ते ७ मध्ये असतात आणि मधला बिंदू ४. आकडे अगदी पटण्यासारखे दिसत होते. थोडी चिंताग्रस्त बायको, थोडा टाळणारा नवरा, जसे सगळ्यांना वाटतच होते तसे.

समुपदेशिकेला खटकले ते कागद उलटून पाहताना. चिंतेच्या विधानांवर सल्लार्थीने जवळजवळ सगळीकडे ५ आणि ६ लिहिले होते. सरासरी ४.७ येईल कशी? तिने हाताने बेरीज केली आणि घोळ उघडा पडला. कागदावर छापलेली विधाने १९९८ च्या ईसीआरची होती, तक्ता मात्र २००० च्या ईसीआर-आरचा. दोन्हींत ३६ विधाने, दोन्हींत ७ गुणांची पट्टी, दोन्हींची नावे जवळपास सारखी. पण मांडणी पूर्ण वेगळी. जुन्या ईसीआरमध्ये विषम क्रमांकांची विधाने टाळण्याची आणि सम क्रमांकांची चिंतेची असतात. ३, १५, १९, २२, २५, २७, २९, ३१, ३३ आणि ३५ ही उलटी. ईसीआर-आरमध्ये पहिली १८ चिंतेची, पुढची १८ टाळण्याची. उलटी विधाने ९, ११, २०, २२, २६ ते ३१ आणि ३३ ते ३६. चुकीच्या तक्त्याने दोन अक्षांची उत्तरे एकमेकांत मिसळली होती. असे मिसळले की टोकाचे गुण मधोमध सरकतात, आणि मधोमध असलेला गुण कुणालाच संशयास्पद वाटत नाही.

नीट मोजल्यावर सल्लार्थीची चिंता ५.५० आली आणि टाळणे २.३३. नवऱ्याची चिंता २.३९, टाळणे ४.६१. नवऱ्याच्या टाळण्याच्या गुणात चूक जेमतेम दोन दशांशांची होती. केवळ त्याचा कागद तपासला असता तर घोळ लक्षातच आला नसता. सल्लार्थीबाबत तर ऑनलाइन चाचणीने दिलेला 'भयग्रस्त-टाळणारी' हा निष्कर्ष अर्धा कोसळला. चिंता होती, भरपूर होती. जवळीक टाळण्याचा मागमूसही नव्हता.

उलट विधाने उलटवायची राहून गेली तर काय होते, हेही इथेच नोंदवतो, कारण ती चूक याहून अधिक वेळा होते. ईसीआरच्या टाळण्याच्या १८ पैकी ९ विधाने उलटी आहेत. ती तशीच बेरजेत घेतली की निम्मी विधाने निम्म्यांना खोडतात आणि प्रत्येकाचा गुण ४ च्या आसपास येऊन बसतो. चिंतेत उलटे विधान एकच, त्यामुळे तो अक्ष ठीकच दिसतो. सगळ्यांचे टाळणे ४ च्या जवळपास आणि चिंता मात्र पसरलेली, असे दिसले की आधी गुणांकन तपासावे.

आता निर्णय घ्यायचा होता. भांडणाच्या दिवशीचे, शेजारी बसून भरलेले गुण वापरायचे का? समुपदेशिकेने ते फाईलमध्ये ठेवले, पण आधाररेषा म्हणून, म्हणजे पुढची तुलना ज्यांच्याशी करायची असे गुण म्हणून, नाकारले. तीन आठवड्यांनी, एका शांत आठवड्यात, दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत ईसीआर पुन्हा भरली. सल्लार्थीची चिंता ४.८९ आली. नवऱ्याचे टाळणे ३.९४.

चार कप्प्यांच्या भाषेत याचा अर्थ असा, की 'टाळणारा' नवरा तीन आठवड्यांत काहीही उपचार न होता 'सुरक्षित' झाला. खरे काय घडले ते त्रुटीच्या गणिताने दिसते. १९९८ च्या मूळ अहवालात टाळण्याच्या अक्षाची आंतरिक विश्वसनीयता (एकाच अक्षावरची विधाने एकमेकांशी किती जुळतात ते) ०.९४ आणि चिंतेची ०.९१ आहे. केंद्राच्या जुन्या नोंदींवरून प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरतात ते, १.१ धरले. चिंतेसाठी मापनाची प्रमाण त्रुटी १.१ गुणिले (१ वजा ०.९१) चे वर्गमूळ, म्हणजे ०.३३. दोन वेळच्या गुणांतल्या फरकासाठी तिला १.४१ ने गुणायचे आणि ९५ टक्के खात्रीसाठी १.९६ ने: ०.९१. हा झाला उंबरठा; याहून लहान फरक निव्वळ मोजमापाच्या त्रुटीतूनही येऊ शकतो. टाळण्यासाठी हाच हिशेब ०.७५ वर येतो. सल्लार्थीचा फरक ०.६१ होता, नवऱ्याचा ०.६७. दोन्ही उंबरठ्याच्या आत. म्हणजे त्यांच्यात बदल झाला असे म्हणता येत नाही, आणि नवऱ्याच्या नावात झालेला बदल तर निव्वळ रेघेचा खेळ होता. काटेकोर बोलायचे तर या हिशेबाला काही आठवड्यांच्या अंतराने मिळणारी पुनर्मापन विश्वसनीयता वापरायला हवी. ती सहसा कमी असते, त्यामुळे उंबरठा आणखी वर जातो.

त्याच बैठकीत ईसीआर-आरएस भरली गेली. सल्लार्थीचे चिंतेचे गुण: आई १.६७, वडील २.३३, जवळची मैत्रीण १.३३, नवरा ५.६७. चिंता एका नात्यात होती, आणि तिथेच दाटलेली होती. आपण मुळातच अशा आहोत, हा तिचा समज या चार आकड्यांपुढे टिकत नव्हता. नवऱ्याचे टाळण्याचे गुण: आई ५.००, वडील ५.३३, मित्र ४.५०, आणि बायको ३.००.

या शेवटच्या आकड्यावर थांबणे भाग होते. ज्या माणसाला टाळणारा म्हटले जात होते, तो सर्वांत कमी टाळत होता ते आपल्या बायकोलाच. पण हा आकडा लगेच दाखवायचा का? तो मोहात पाडणारा होता, म्हणूनच समुपदेशिकेने आधी त्याच्याविरुद्धची कारणे लिहून काढली. बायको हे पाहील अशा अपेक्षेने त्याने सौम्य उत्तरे दिली असतील. सहा विधानांचा गुण १८ विधानांइतका भक्कम नसतो. उलट बाजूने, खोल्या वेगळ्या होत्या, गुण दाखवण्याची परवानगी कागद भरून झाल्यावरच मागितली होती, आणि आई-वडिलांबाबत त्याने काहीही सौम्य केले नव्हते. प्रतिमा राखण्यासाठी भरणारा माणूस सहसा सगळीकडेच ती राखतो.

गुण सांगण्याची बैठक दोन टप्प्यांत झाली. आधी दोघांना एकेकटे, प्रत्येकी २० मिनिटे, फक्त स्वतःचे गुण. मग नवऱ्याच्या संमतीने एकत्र. समुपदेशिकेने सल्लार्थीला आधी अंदाज करायला सांगितले: चार नात्यांपैकी तो सर्वांत जास्त अंतर कुठे राखत असेल? तिने क्षणभरही विचार न करता स्वतःकडे बोट केले. मग कागद तिच्यासमोर ठेवला. बराच वेळ ती गप्प होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे बाकीच्यांशी तो याहूनही कमी बोलतो?" नवऱ्याने मान हलवली. त्या बैठकीत 'टाइप' हा शब्द पुन्हा आला नाही.

यानंतरचे काम साध्या प्रकारचे होते. फोनवरून भांडण झालेल्या दोन रात्री निवडून त्यांची तासागणिक उजळणी केली: तिने पहिला फोन किती वाजता केला, तेव्हा तो कुठे होता, तिसऱ्या फोनपर्यंत तिच्या मनात काय आले, त्याने फोन बंद करताना काय ठरवले. तिला लागत होती ती खात्री, लांबलचक संभाषण नव्हे. त्याला नको होता तो अचानक येणारा आणि कधी संपेल याचा नेम नसलेला फोन. ठरले ते असे: रात्री साडेनऊला दहा मिनिटे, फोन त्यानेच करायचा, जमणार नसेल तर नवी वेळ कळवणारा संदेश साडेनऊच्या आत. सहा आठवड्यांतल्या २४ रात्रींपैकी १९ रात्री फोन वेळेवर झाला. उरलेल्या पाचांपैकी चार वेळा संदेश आला, एकदा काहीच नाही.

निकाल

दुसऱ्या मोजमापानंतर पाच महिन्यांनी दोघांनी पुन्हा दोन्ही प्रश्नावल्या भरल्या. सल्लार्थीची ईसीआरवरील चिंता ४.१७ झाली होती. पहिल्या दिवसाच्या ५.५० शी तुलना केली तर १.३३ ची घट, उंबरठ्याच्या स्पष्ट पलीकडे. पण तो पहिला दिवस भांडणाचा होता आणि तो आधाररेषा म्हणून नाकारलेला होता. ४.८९ शी तुलना केली तर घट ०.७२ ची, उंबरठ्याच्या आत. अहवालात दुसरी तुलनाच लिहिली गेली, कारण आधी नाकारलेला गुण सोयीचा दिसताच पुन्हा उचलता येत नाही.

नवऱ्याबाबतची तिची चिंता, ईसीआर-आरएसवर, ५.६७ वरून ३.६७ वर आली. दोन गुणांची घट मोठी आहे, मात्र ती तीन विधानांवर उभी आहे. तिच्या सोबतीला वागण्यातली नोंद होती: लागोपाठचे फोन शेवटच्या दोन महिन्यांत थांबले होते. नवऱ्याचे ईसीआरवरील टाळणे ४.११, म्हणजे तीन मोजमापांत ४.६१, ३.९४, ४.११. चौकटीच्या भाषेत तो पुन्हा 'टाळणारा' झाला. त्याच्यात फारसे काही बदलले नव्हते, आणि बदलायची गरजही कुणी मांडली नव्हती.

एक गोष्ट श्रेय वाटून घेऊ देत नाही. चौथ्या महिन्यात नवऱ्याच्या बाहेरगावच्या रात्री चारावरून दोनवर आल्या. सल्लार्थीची घटलेली चिंता ठरलेल्या फोनची, समुपदेशनाची की निम्म्या झालेल्या विरहाची, हे या मोजमापातून वेगळे करता येत नाही. चौथ्या महिन्याच्या आधी एक मधले मोजमाप घेतले असते तर काही अंशी कळले असते. दोघे एकत्र आहेत. वेगळे होण्याचा विषय सध्या बाजूला ठेवला आहे, मिटलेला नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिली ईसीआर घ्यायलाच नको होती. ईसीआर-आरएसने सुरुवात केली असती तर ३६ उत्तरांत तीनपैकी दोन प्रश्नांचे काम झाले असते, आणि 'एकूण मी कसा आहे' या धूसर प्रश्नाने दोघे थकले नसते. ज्याचा आयुष्यातला प्रेमसंबंध मुळात एक-दोनच आहे, त्याने 'एकूण' म्हणजे काय धरायचे? नवऱ्याचे सर्वसाधारण टाळणे ४ च्या आसपास आणि बायकोबाबतचे ३.००, या फरकाचे एक कारण हेही असू शकते. भरून झाल्यावर "उत्तरे देताना मनात कोण होते?" एवढे विचारले असते तर उलगडा झाला असता. तो प्रश्न विचारायचा राहिला.

गुणांकनाचा तक्ता आणि छापील कागद एकाच आवृत्तीचे आहेत का, हे तपासायला पाच मिनिटे लागतात. कागदाच्या वर आवृत्तीचे नाव आणि वर्ष छापावे. प्रत्येक नव्या तक्त्यात दोन खोटे कागद भरून पाहावेत: एक चिंता ७ आणि टाळणे १ येईल असा, दुसरा उलटा. बरोबर तक्ता ७ आणि १ देतो. चुकीच्या आवृत्तीचा तक्ता मधले काहीतरी देतो. सगळीकडे ४ लिहिलेला कागद चाचणीला निरुपयोगी, कारण तो कोणत्याही तक्त्यात ४ च देतो.

भाषांतराबाबत, दुसऱ्या माणसाकडून उलट भाषांतर (पुन्हा मूळ भाषेत) करून ताडून घेतलेली आवृत्तीच वापरावी, आणि उलटी विधाने तीन-चार जणांकडून मोठ्याने वाचून घेऊन "आता ५ म्हणजे काय सांगितलेत?" असे विचारावे. केंद्राने हे या प्रकरणानंतर केले आणि दोन विधाने बदलावी लागली.

ऑनलाइन चाचणीचा निकाल पहिल्या भेटीत बाजूला सारला गेला, ते नीट झाले नाही. सल्लार्थीने नवऱ्याच्या वतीने दिलेली उत्तरे ही त्याची माहिती नव्हती, पण तिला तो कसा दिसतो याची ती तपशीलवार नोंद होती. ती ठेवून घेऊन नवऱ्याच्या स्वतःच्या उत्तरांशेजारी मांडली असती, तर अंदाज आणि गुण यांतली जी तफावत दोन महिन्यांनी समोर आली ती दुसऱ्या आठवड्यातच दिसली असती.

एक निर्णय मात्र मुद्दाम उघडा ठेवला. नवऱ्याचे आई आणि वडील यांच्याबाबतचे ५.०० आणि ५.३३ हे गुण या प्रकरणातले सर्वांत टोकाचे टाळण्याचे गुण होते. त्यांवर काम करायचे का, असे त्याला एकदा, एकट्याला, विचारले गेले. तो म्हणाला, "आत्ता नको." त्याच्या फाईलमध्ये तारखेसह तेवढीच नोंद आहे.